तूट

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला
आमचा काजूचा कारखाना.
मी काट्यापाशी बसतो, पंख्याखाली,
बावीस वर्षं, एकाच स्टुलावर.
बायका सोललेला गर आणून ओततात,
मी आकडा वाचतो, वहीत चढवतो.
अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा,
आणि कणी,
जिचा हिशेब कधी कुणी मागितला नाही.

ज्या वर्षी सगळंच बंद होतं,
बेनिनची बी बोटीतच अडकून पडली
आणि आमच्या थंड भट्टीत मांजर व्यायली,
त्या वर्षी शेठ म्हणाले,
किलोमागे पन्नास ग्रॅम तूट धर.
सालीची म्हण, ओलीची म्हण, काहीही म्हण.
दिवस फिरले की काढून टाकू.
सावंतवाडीहून एक मेकॅनिक आला,
चहा प्यायला,
आणि काट्याला समजावून गेला.

दिवस फिरले.
खोटं कशाला बोलू, मी डोळ्यांनी पाहिले फिरताना.
भट्टी दोन पाळ्यांत पेटते.
दुबईला जाणाऱ्या डब्यांना आता सोनेरी झाकण आहे,
त्यावर डोलकाठीचं चित्र, खाली अरबीत काहीतरी,
जे आमच्यात कुणालाच वाचता येत नाही.
शेठच्या मुलाने रेडीच्या वाटेवर
समुद्राकडे तोंड करून चार खोल्या बांधल्या,
डिसेंबरपर्यंत भरल्यात म्हणे.
पेपरात जिल्ह्याची बातमी होती, बाण वर गेलेला.
मी ती कापून काट्याच्या मागे चिकटवली.
का चिकटवली, ठाऊक नाही.

मजुरी वाढली. किलोला दीड रुपया.
त्या दिवशी पेढे होते.
फिलू डिसोझाने पेढा डाव्या हाताने घेतला,
उजव्याचं कातडं बीच्या तेलाने सोललेलं,
अंगठ्याला ठसाच उरलेला नाही,
रेशनच्या दुकानात मशीन तिला ओळखत नाही.
"तेजी इली म्हणतत," ती म्हणाली,
"खंयच्या गाडयेन इली गे?
आमच्या स्टॉपार थांबाक नाय."
बायका हसल्या. मीही हसलो,
हसणं वहीत चढत नाही.

तूट मात्र राहिली.
शेठ विसरले असतील असं मी धरून चाललो,
मोठ्या माणसाला शंभर व्याप.
आठवण करून द्यायची तर
दुपारी जेवून आल्यावर द्यावी, की सकाळी हिशेबाला बसताना,
याचा विचार करण्यात माझी दोन वर्षं गेली.
तेवढ्यात माझाही पगार आठशेने वाढला होता.

काल, शुक्रवारी, शेवंती गिरपची पाळी आली.
तिने गर ओतला नाही.
पिशवीतून किलोचा साखरेचा पुडा काढला,
बाजारातला, शिवण न उसवलेला,
आणि काट्यावर ठेवला,
अंगणवाडीत मूल ठेवावं तसा, हलक्या हाताने.

नऊशे पन्नास.

पंखा फिरत होता.
मागच्या रांगेत सोलायच्या सुऱ्या थांबल्या,
मला एवढंच ऐकू आलं, थांबल्याचं.
आरडाओरडा होईल म्हणून मी खांदे आवळले.
ती आकड्याकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
मग पुन्हा आकड्याकडे, जणू तोच जास्त खरं बोलेल.
"साखर पण मंदीतलीच आसा रे, झिला," म्हणाली.
पुडा उचलला. गर ओतला.
तिच्या नावापुढे किती लिहितो ते
पहिल्यांदाच वाकून बघितलं.

संध्याकाळी तोच पुडा फोडून तिने सगळ्यांना चहा केला.
माझ्या कपात दोन चमचे.
गोड होता. तेवढाच गोड, जेवढी किलोभर साखर असते.

बायका गेल्यावर मी वही उघडली.
शनिवारी शेठ सही करतात,
पानं न वाचता, फक्त बेरजेपाशी.
बेरजेच्या अगदी वर,
एक ओळ मोकळी होती.
मी शाईच्या पेनाने लिहिलं:
साखर, एक पुडा, नऊशे पन्नास.
ओळ वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो.
बाहेर कंटेनर मागे सरकत होता,
आणि ड्रायव्हरला कुणीतरी ओरडून सांगत होतं,
येऊ दे, येऊ दे, अजून जागा आहे.