काखेची शिवण

कितीही धुतलेला असू दे,
पाणी शिंपडून इस्त्री टेकवली की कपडा बोलतो.
शिवणीत दडून बसलेलं वाफेबरोबर वर येतं.

मिरजेत, हॉस्पिटलच्या मागच्या बोळात
सव्वीस वर्षं मी ही वाफ खातेय.
हळदीच्या गोदामातल्या बिरूचा सदरा: वर पिवळा, खाली बोकड.
तंबोऱ्याचे भोपळे कोरणाऱ्या दस्तगीरमामूंची बनियन: चंद्रस, मग कांदा.
डॉक्टरीणबाईंचा कोट: साबण, साबण, आणि हळूच हिंग.
कपड्यांवर खुणा करायला मला शाई लागत नाही.

फक्त रिनपुईचे गणवेश कोऱ्या पाटीसारखे.
आधी वाटलं, माझं नाकच गेलं, करोनात गेलं होतं तसं.
मग वाटलं, ही पोरगी कामच करत नसणार.
पण बाहीला आयोडिन, ओच्याला रक्त,
बारा-बारा तासांची पाळी.

विचारलं तर म्हणाली,
मावशी, तुझ्या कानातला मळ कसा आहे?
काय हा प्रश्न, भर रस्त्यात!
ओला, म्हटलं, काकवीसारखा.
माझा कोरडा, कोंड्यासारखा. आमच्या मिझोरामात पुष्कळांचा तसाच.
आईबापाकडून येणाऱ्या लिखाणात
एक अक्षर बदललेलं असतं.
दोघांकडून तेच आलं तर कान कोरडा आणि काख मुकी.
घाम येतो गं, तुझ्याएवढाच.
त्यात जंतूंना खायला काही नसतं, इतकंच.

मी चौथी शिकलेली.
अक्षर बदललं म्हटलं की मला काना आठवतो,
एवढीशी उभी रेघ.

मे संपता संपता ती ट्रंक घेऊनच आली.
शिखरेवहिनींनी खोली सोडायला सांगितली.
का?
वास येतो.
कशाचा?
माझा, म्हणतात.
आईने आंबवलेलं सोयाबीन पाठवलं होतं,
एकदाच डबा उघडला.

मला आधी हसू आलं. मग नाही.
नळावर आमची आई उभी राहिली
की कुणाकुणाचा पदर नाकाला जायचा, मला पाठ आहे.
तेव्हाही कुणी जवळ येऊन हुंगलं नव्हतं.

वास म्हणजे राहणंसुद्धा, चौथीच्या बाईंनी सांगितलं होतं.
ट्रंक आत घेतली.
फळीवर सुकटाच्या डब्याशेजारी तिचा डबा बसला.
रात्री उघडला. लई उग्र.
भाकरीबरोबर दुसऱ्या घासाला बरा लागला,
पहिल्याला नाही, खोटं कशाला बोलू.

सकाळी शिखरेवहिनींची पोलकी, सहा.
त्या समोरच उभ्या, सुट्टे मोजत,
खोलीसाठी कुणी आहे का विचारत होत्या,
चांगलं, स्वच्छ.

पाणी शिंपडलं. इस्त्री टेकवली.
वाफ वर आली, माझ्या तोंडावर.
मी मान वळवली नाही.
बघते, म्हटलं,
आणि सहाव्या पोलक्याची
काख आत जाईल अशी घडी घातली.