स्वच्छ मशीन

मरोळ, चौथा मजला. रविवारी एसी नसतो.
वॉचमन गुप्ताजी दोनदा विचारून गेले,
अजून किती?

एक्केचाळिसावी ओळ म्हणते, फाइल सापडत नाही.
तिचा काही दोष नाही,
ती फक्त पहिली ओरडली.

नियम तामोरेंचा. पायथनमध्ये, चार वर्षांपूर्वीचा,
वर मराठीत टीप:
‘हे चालतंय. हात लावू नये.’
कुणीच लावला नाही.
सगळ्यांकडे चालतं, माझ्याकडेही.
नव्या सर्व्हरवर, जिथे आधीचं काहीच नाही,
तिथे बिल्ड आडवी.

मी पायरीपायरीला प्रिंट टाकत जाते,
वीज गेल्यावर जिन्याची भिंत चाचपावी तशी.
इथवर आला.
इथवर आला.
इथे नियम म्हणतो, हेडर मी बनवतो.

बनवत नाही.
कधीच बनवत नव्हता.

तामोरेंनी ती फाइल एकदा हाताने केली,
मग ती फिरत राहिली लॅपटॉपवरून लॅपटॉपवर
शेजारून आणलेल्या विरजणासारखी,
आणि आम्ही समजत होतो
आपल्या घरात दही आपोआप लागतं.

पावणेबाराला त्यांना फोन केला.
हल्ली वसईला मेहुण्याचा बर्फाचा कारखाना बघतात.
मागे यंत्राची घरघर, मग त्यांचं हसू:
“अगं, ती अजून आहे?
मी तर म्हटलं होतं, सोमवारी नीट करतो.”

सहा ओळी लिहिल्या. सगळं पुसून पुन्हा चालवलं.
पंख्याखाली घामाने की चिकटत होती,
‘हात लावू नये’ खोडताना दोनदा दाबावी लागली.

घड्याळाकडे नंतर पाहिलं.
सोमवार केव्हाच लागला होता.