कोय कलम, खोली क्रमांक चौदा

माझ्याआधीच्या तासाला वैमानिक येऊन गेले होते.
फळ्यावर त्यांचा पगार तसाच राहिला होता,
सगळ्या शून्यांसकट. डस्टर सापडेना,
तेव्हा त्याच्या खालीच लिहिलं : उद्यानविद्या.
चेंबूर, ऑगस्ट, दुपारचे अडीच.
अकरा मुलं. त्यांतली दोन नुसती पंख्याखाली बसायला आलेली.

प्रोजेक्टरने मान टाकली. बरंच झालं.
माझ्या भाषणात एकतीस पानं होती
आणि एकालाही देठ नव्हता.

तोंडानेच सांगितलं मग :
बारावीला जीवशास्त्र, नंतर सीईटी,
दापोली नाहीतर मुळदे, चार वर्षं,
सकाळी रोपवाटिकेत हजेरी, दिवसभर नखांत माती.
पुढे एमएस्सी केलीत तर फळं, फुलं, भाजी, मसाले,
ज्याचा जीव जिथे रमेल तिथे.
प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत केळी वाढवतात,
पांढरा कोट घालून; आईला फोटो पाठवता येतो.
वाशीला आंबा पिकवायच्या खोल्या आहेत,
तिथे एक माणूस फक्त अंश आणि तास मोजतो,
आणि त्याचे त्याला पैसे मिळतात.
पालिकेचं उद्यान खातं आहे. तिथे मी तेहतीस वर्षं होतो.

"म्हणजे सर," मागून ओवेस मुकादम,
"आमच्या सोसायटीत वॉचमनच्या खुर्चीत बसतो तो माळी,
तेच ना? फक्त डिग्रीवाला?"
हसले सगळे. मीही.
तेच, म्हटलं. झाड का गेलं ते त्याला कळतं.
ते कागदावर लिहून, खाली सही करून
बिल्डरपुढे ठेवता येत नाही.
चार वर्षं लागतात ती तेवढ्यासाठी.
(माझी सही काही झाडांवरून करवतीसारखी फिरली आहे,
ते मुलांना सांगितलं नाही.)

मग पिशवी उघडली.
जुलैत ज्यूसवाल्याच्या टोपलीतून मागून आणलेल्या कोया,
आता वीतभर रोपं, खोड अजून तांबूस,
खाली कोय तशीच चिकटलेली.
हापूसच्या काड्या देवनारच्या वसाहतीतल्या.
कलम म्हटल्यावर एकाने पेन वर केलं,
दुसरा म्हणाला, तीनशे दोन.
हे तिसरं, मी म्हटलं.
शेंडा उडवायचा, मधोमध चीर, दोन इंच.
काडीला पाचर. सालीला साल भिडली पाहिजे,
निदान एका बाजूने. मूळ कुणाच्या आंब्याचं,
ते काडी विचारत नाही.

बांधायची वेळ आली आणि सगळ्यांचे हात गळाठले.
एकीचे नाही.
प्रणिशा तांडेल, ट्रॉम्बे कोळीवाडा, तिसरा बाक,
तासभर एक शब्द नाही.
प्लॅस्टिकची पट्टी दातांत धरून ती खालून वर गेली,
शेवटचा फेरा आत घेतला, ओढला.
तेहतीस वर्षांत अशी गाठ मला जमली नव्हती.
"कुठे शिकलीस?"
"जाळं शिवतो ना आम्ही."
मग हळू, "होडी विकली. आता शेजाऱ्यांचं शिवतो."

पगार किती, तिनेच विचारलं.
मी आकडा सांगितला. सुरुवातीचा, खरा.
तिने एकदा फळ्यावरच्या शून्यांकडे पाहिलं
आणि पुन्हा गाठीकडे.

अकरा कलमं घरी आणली, बाल्कनीत सावलीला ठेवली.
विसाव्या दिवशी चार फुटली. मुकादमचंही,
वेडंवाकडं बांधलेलं, खुशाल.
तिचं नाही.
नखाने जरा खरवडून पाहिलं :
काडी हिरवी आहे. म्हणजे अजून काही ठरलेलं नाही.
तिचा फोन नंबर माझ्याकडे नाही.
उद्या कॉलेजात जाऊन विचारेन,
आधी पाणी घालून.