सुर्त

सनईवाल्याच्या मागे एकजण
एकच सूर धरून बसतो.
त्याला सुर्त म्हणतात. म्हार्दोळच्या देवळात
तो मी. बावीस वर्षं.
मला कोणी ऐकत नाही, आणि ते बरोबरच आहे.

पण पुनो मास्तराचा श्वास मला पाठ.
पालखी उजव्या कोपऱ्याला वळते
तिथे तो षड्ज धरतो,
दीपस्तंभापर्यंत सोडत नाही.
त्या सोमवारी चार पावलं आधी सुटला.
समेळ वाजतच होतं. कुणाला कळलं नाही.

"पत्ती ओली झाली."
पत्ती बदलली.
पुढल्या सोमवारी सहा पावलं.
"धूप किती घालतात रे हे."
त्याची बिडी सुटून अकरा वर्षं झालेली,
माझी तेव्हाही खिशात होती.
म्हणून मी गप्प.

आमच्याकडे बांबोळी हे गावाचं नाव नव्हे.
बांबोळीला नेलं म्हटलं
की शेजारी पुढचं विचारत नाहीत.
माझ्या बापाला नेलं होतं, रुमालावर रक्त आल्यावर.
डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला
आणि आमच्याकडे न बघता पाकिटात घातला.

मास्तराला मी सरळ फसवलं.
पणजीत नवी पत्ती मिळते म्हणून स्कूटरवर बसवलं.
जुन्या गोव्याला वळलो तेव्हा त्याला कळलं.
खांद्यावरचा हात त्याने काढला,
पण उतरला नाही.

मिऱ्याएवढं, म्हणाली डॉक्टरीण.
एकच दाणा, घोस धरलेला नाही.
"श्वास तुटतो तो ह्याने नव्हे हं,
ती साधी सूज, औषधाने जाईल.
हे इतकं लहान असताना
आवाजच करत नाही."

बावीस वर्षांचा माझा कान,
आणि त्याने ऐकलं ते भलतंच.
भलतंच ऐकलं म्हणून हे सापडलं.
रात्री झोप लागेना.

फुप्फुसाची एक पाकळी काढली.
जायांच्या पूजेला मास्तर परत बसला,
गळ्यात जायांचा हार, चेहरा चिडका.
षड्ज आता तुळशीपाशी संपतो.
तिथून दीपस्तंभापर्यंत
नुसता माझा सूर असतो.
लोकांना वाटतं, रचनाच तशी.

काल बांबोळीला माझा नंबर होता.
खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं,
त्रास काय होतो?
म्हटलं, काही नाही.
मग कशाला आलात?
म्हटलं, बाय,
काही नाही म्हणूनच.