लागू नसल्यास रेघ मारा

बिटको चौकात जिन्याखाली माझं काउंटर आहे.
दिवसभर लोकांचे अर्ज भरते,
उत्पन्नाचा दाखला, पॅनची जोडणी,
नावातली चुकलेली वेलांटी.
आज शटर अर्धं ओढून घेतलंय.
ईश्वरीचा भरायचाय.

पुण्याची निवासी क्रीडा शाळा. खेळ हॉकी.
आडनाव आधी: गांगुर्डे.
स्थान: गोलरक्षक.
ती मागच्या स्टुलावर बसून
स्टिकला बाबांची काळी टेप गुंडाळतेय,
दातांनी तोडतेय.

उंची: एकशे छत्तीस.
"सदतीस लिही ना. ढिकले सर म्हणतात,
चाचणीपर्यंत वाढेल."
ढिकले सर तोफखान्यातून निवृत्त झालेत,
जरा पुढचा नेम धरायची सवय आहे त्यांना.
मी छत्तीस लिहिते.

सरावाचं मैदान: गवत, माती की कृत्रिम?
राखेला रकाना नाही.
एकलहऱ्याच्या कॉलनीमागे
चेंडू जिथून जातो तिथून करडा लोट उठतो
आणि आमची ही
लोटातला चेंडू कानांनी ओळखते.
निळं टर्फ तिनं फक्त मोबाइलवर पाहिलंय.
सामन्याआधी त्यावर पाणी मारतात हे ऐकून
आई म्हणाली होती, "रोज?"
आमचा नळ दिवसाआड.

जन्मतारीख.

एकोणीस डिसेंबर. शाळेला हवी
एक जानेवारी किंवा नंतरची.
तेरा दिवसांनी ती थोरल्या गटात पडते,
नुसत्या खांद्यांनी गोल झाकणाऱ्या मुलींत.

आमच्याकडे तारखांचं कधी कोणाला काही वाटलं नाही.
आजोबा एक जूनचे, बाबा एक जूनचे,
दोन्ही काका एक जूनचे.
गुरुजींनी एका दुपारी बसल्या बैठकीला
अख्खी आळी जन्माला घातली.
शेजारचा झेरॉक्सवाला कालच म्हणाला,
"तुझ्या तर हातातलं काम."
आहेच.
आकडा पुसल्यावर त्याच्या मागची बारीक जाळी
परत कशी विणायची, तेही येतं मला.

ईश्वरी खांद्यावरून वाकते.
"जानेवारीत? म्हणजे दवाखान्यातून
घरी आल्यावर जन्मले मी?"
हसते. मग हसत नाही.
"मालेगावला एक मोठी मुलगी
आमच्या गटात खेळली होती. तिचा फटका हा."
भुवईवर बोट ठेवते.
स्टुडिओवाल्याने फोटोत घासूनही
ती खूण गेलेली नाही.

एकोणीस, बारा. लिहिलं.

राष्ट्रीय स्पर्धेतील सहभाग: रेघ.
कुटुंबातील खेळाडू.
आई लग्नापर्यंत खो-खो खेळायची,
खांब धरून अशी वळायची म्हणे की
पंचसुद्धा फसायचे.
प्रमाणपत्र जोडा.
रेघ.

वसतिगृहात राहण्याची तयारी: होय / नाही.
रात्री झोपेत ती डावा पाय झाडते,
पेनल्टी अडवते बहुतेक.
माझ्या पोटऱ्या काळ्यानिळ्या आहेत.
एकटीला पुरणाऱ्या गादीची
मला सवय नाही.
"होय ना गं?" मी विचारते.
ती टेपचं टोक नखानं शोधत राहते.
"तू काय लिहिणारेस?"

होय.

ओटीपी जातो बाबांच्या नंबरवर.
राखेच्या पट्ट्यावर ड्युटी, मोबाइल गेटवर जमा,
ओटीपीचं आयुष्य दहा मिनिटं.
दोनदा मेला.
ईश्वरी कंटाळून बाहेर गेली,
बंद दुकानाच्या पायरीवर चेंडू टप्पे घेतोय,
टक्, टक्, एखादा चुकला की गटारीत.

साडेदहाला फोन वाजतो.
बाबा गेटवरूनच बोलतायत, मागे ट्रकचा हॉर्न.
"घे लवकर. चार. नऊ..."
खोकला येतो. राखेचा.
त्या खोकल्यात एक आकडा बुडतो.
"आणि शेवटी दोन."
बाबा, तिसरा काय? सात की आठ?
फोन कट.

पडद्यावर सेकंद उतरतायत.
बाहेरची टक् टक् थांबलेली असते.
शटरखालून आवाज येतो,
"सात."

फोन कानाला लावलेला माझ्या,
स्पीकर नव्हता.

सात होता.