एकशे बारा डबे

माझं काम वाचण्याचं.
मॉन्टगोमेरीच्या सभागृहात, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला उभं राहून
विधेयकाचा क्रमांक, मांडणाऱ्याचं नाव,
आणि मग तो एक शब्द: स्थगित.
ओझेला टारव्हरच्या नावापुढे तो मी एकोणीस वेळा वाचला.
आवाज चढवायचा नाही, पाडायचा नाही,
एवढंच शिकवलं होतं मला.

मंगळवार ते गुरुवार ती इथे.
शुक्रवार-शनिवार बेल्टन फोर्कला, आपल्या दुकानात:
तीन खुर्च्या, दोन ड्रायर, त्यातला एक रुसलेला.
ड्रायरखाली बसलेल्या बाया मोठ्याने बोलतात,
स्वतःचंच ऐकू येत नाही म्हणून.
पेन्शन अडकलेली. शाळेची बस वळणावरूनच माघारी.
नळाचं पाणी उकळण्याआधीच चहाच्या रंगाचं.
हे सगळं ती केसांच्या रंगाच्या खोक्यांवर, पाठीमागे, लिहून घेई
आणि तीच खोकी काखेत मारून सभागृहात येई.
पहिल्या वर्षी लोक हसले.
एका खोक्यावर बाईचा फोटो होता,
केस असे, की वाऱ्यानेही आधी परवानगी काढावी.

गावाच्या मधून रूळ.
अलीकडे दवाखाना, बँक, कोर्ट.
पलीकडे ते, ज्यांना गाव पलीकडचे म्हणतं.
मालगाडी यायची आणि उभी राहायची,
चाळीस मिनिटं, कधी दोन तास.
पोरं डबे मोजत मोठी झाली. ओझेलासुद्धा.
एका मार्चमध्ये लेम्युएल ग्रब्ज छाती धरून ओसरीवर बसला.
ॲम्ब्युलन्स अलीकडे, तो पलीकडे,
मध्ये कोळशाचे शहाण्णव डबे.
त्याच्या बायकोने, आयडेलाने, मोजले होते.
दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी तेच मागणं. एक पूल.
निधी नाही.
निधी आहे तर अहवाल नाही.
अहवाल आला तोवर जुना झाला.
एकदा पायऱ्यांवर मी तिला विचारलं
(आम्ही विचारायचं नसतं),
थकत नाही तुम्ही?
म्हणाली, "गुंता मुळाकडून ओढला तर केस तुटतात, पोर किंचाळते.
टोकाकडून धरायचा.
बोटभर सुटला, की बोटभर वर."
मग माझ्या मानेकडे बघून,
"तुझे केस कोण कापतं? माफ कर त्याला."

बोटभर. एका वर्षी माती तपासायचे पैसे,
कुणाच्या तरी रस्त्याच्या विधेयकाला शेपटासारखे चिकटवून.
एका वर्षी नुसता नकाशा.
बदल्यात तिने मतं दिली, काही अशीही
ज्यांचा जाब तिला दुकानात द्यावा लागला.
दोन बायांनी येणं सोडलं.
एक परत आली.

बाविसाव्या वर्षी पूल झाला.
पाटीवर नाव त्या समिती-अध्यक्षांचं,
ज्यांनी तो अकरा वेळा अडवला होता.
मी धुमसत होतो.
ती म्हणाली, "चाकांना कुठे वाचता येतं?"

चौतीस वर्षांनंतरचा शेवटचा दिवस.
गौरवाचा ठराव माझ्या हातात, चार पानं, सोनेरी शिक्का,
सगळे उभे,
खुर्ची रिकामी.
मेजावर रंगाच्या खोक्याचा फाडलेला तुकडा:
"आयडेला गेली. उद्या माती.
तिचे केस दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत."
चारही पानं मी त्या खुर्चीला वाचून दाखवली.
आवाज पडला. पडू दिला.

पुढचं ऐकीव आहे.
तिने कंगवा तापवला, आयडेलाचे केस केले,
आणि सगळा वेळ तिच्याशी बोलत होती, मोठ्याने,
ड्रायर चालू असल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी शववाहिका पुलावर चढली
आणि मध्यावर थांबली.
मागच्या मोटारीतून ओझेला उतरली, कठड्याशी गेली.
खालून मालगाडी चालली होती.
कुणी हॉर्न दिला नाही.
शेवटचा डबा जाईपर्यंत तिचे ओठ हलत होते.
एकशे बारा, म्हणाली,
आणि गाडीत येऊन बसली.