पाव फेरा मागे

आयबारच्या दरीत ऊन उशिरा उतरतं,
अन्ब्रोसियोच्या तळघरात उतरतच नाही.
दार उघडं राहावं म्हणून
बिडाचं एक धूड टेकवलेलं.
त्याच्या सातव्या भोकात
एकसष्ट साली मोडलेला टॅप अजून तसाच,
ड्रिलला दाद न देणारा.
दुकानात त्याच्याहून कठीण काही नाही,
म्हणून तर मोडतो, अन्ब्रोसियो म्हणतो.
मऊ असता तर वाकला असता.

मैशाबेल, गुण्या लाव.
समोरून बघ. आता बाजूनं.
माणूस नाही तो,
तिरका शिरून पुढे सुधारायला.

ती हँडलला दोन्ही हात देते,
भरलं ताट उचलावं तसे, सारखे.
तेलाचा थेंब. अर्धा फेरा पुढे,
पाव फेरा मागे,
आत कुठंतरी टिक्.
कीस तुटला.
आटे पाडायचे, आटापिटा नाही करायचा.

असा दिवस काढला तर
संध्याकाळी कुठं पोचू? ती विचारते.
तळाशी.

ओंदारोआच्या बोटीचं पंपाचं झाकण,
शुक्रवारी द्यायचंय.
एकोणतीस भोकं झाली.
तिसावं आंधळं,
तिसरा टॅप, टोक नसलेला.
हँडल जड होतं. कुरकुर थांबते,
ते जास्त वाईट.
मनगटाला काहीतरी लवतंय असं वाटतं,
म्हणजे टॅप फिरत नाहीये,
पिळतोय.

तुम्ही करा.

अन्ब्रोसियो हात खिशातून काढत नाही.
मग काढतो.
बोटांची टोकं मेणासारखी पांढरी,
गेल्या हिवाळ्यापासून
गरम कपसुद्धा न कळणारी.
मला ऐकू येत नाही आता, हात पुढे करून तो म्हणतो,
तूच सांग, काय म्हणतोय.

थांब म्हणतोय.

मग थांब की.

वरच्या मजल्यावर कुणीतरी मिरच्या भाजतंय.
दोघं ठसकतात.
मग ती मागे फिरवते, मागे, मागेच,
टॅप बाहेर येतो तो खाचांत
काळा ओला कीस भरून.
ब्रश. फुंकर, डोळे मिटून. पुन्हा तेल.
पुन्हा बोटांनी, पहिला आटा
आपली वाट ओळखेपर्यंत.

स्क्रू चिमटीत फिरतो,
तळाशी अलगद टेकतो.
अन्ब्रोसियो तो काढून
स्वतः लावून बघतो,
कळत नसताना. दोनदा.

दुकान बंद करताना मैशाबेल
धूड पायानं सरकवते,
खाली वाकून सातव्या भोकात करंगळी घालते.
अजून धार आहे त्याला.